घरी ताशा वाजवता येत नाही, म्हणून मनात वाजवतोय: कल्पनेतल्या सरावाचे अनुभव सांगा

काडीपैलवान

मंडळी, यंदा मी ढोल-ताशा पथकात ताशा शिकायला लागलोय. वय विचारू नका, पथकातली निम्मी पोरं मला काका म्हणतात एवढ्यावरून ओळखा. सराव शनिवार-रविवार संध्याकाळी, नाशिकला गंगापूर रोडच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर. मधले पाच दिवस सातपूरला शिफ्ट, आणि घर इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर. ताशाचा आवाज ज्यांनी बंद खोलीत ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. उशीवर काड्या मारून बघितल्या, पण उशीवरून काडी उसळत नाही, त्यामुळे मनगटाला भलतीच सवय लागते असं आमच्या ताशाप्रमुखाचं म्हणणं. ते बरोबर आहे.

मग उरलं ते मनातल्या मनात वाजवणं. सहज म्हणून सुरू केलं, पुढे कुतूहल वाटलं म्हणून यावर काय संशोधन झालंय ते वाचत गेलो. वाचलं आणि करून बघितलं त्यावरून माझं एक मत झालंय. ते मांडतो, तुम्ही खोडा किंवा भर घाला.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. रील्समध्ये सांगतात ना, डोळे मिटा, स्वतःला स्टेजवर ट्रॉफी उचलताना बघा, बाकी विश्व बघून घेईल, त्याच्याशी या धाग्याचा काही संबंध नाही. ट्रॉफी बघून डावा हात सुधारत नाही. मी म्हणतोय तो हालचालीचा सराव: अंग जवळजवळ न हलवता तीच हालचाल, त्याच क्रमानं, त्याच वेगात आतून करून बघायची.

१९९२ मध्ये युए आणि कोल या दोन संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विषय काय, तर करंगळी बाजूला ताणण्याची ताकद. एका गटानं चार आठवडे हा व्यायाम खरोखर केला, दुसऱ्यानं तो फक्त मनात केला, तिसऱ्यानं काहीच केलं नाही. पहिल्या गटाची ताकद ३० टक्के वाढली, दुसऱ्याची २२ टक्के, तिसऱ्याची जेमतेम ४ टक्के. मनात व्यायाम करून स्नायू काही फुगणार नव्हते. मेंदू त्या स्नायूला जो हुकूम सोडतो तोच जास्त जोरकस झाला असणार, हा त्यातून निघालेला अर्थ.

ताशावाल्याला याहून जवळचा प्रयोग पियानोचा आहे. १९९५ मध्ये पास्कुआल-लिओने आणि सहकाऱ्यांनी पियानो न येणाऱ्या लोकांना एका हाताच्या पाच बोटांचा छोटा क्रम दिला, मेट्रोनोमच्या ठोक्यावर वाजवायचा. रोज दोन तास, पाच दिवस. काहींनी खरोखर वाजवला, काहींनी पियानोपुढे बसून फक्त मनात. पाचव्या दिवशी मनात वाजवणारे जिथे होते, तिथे खरे वाजवणारे तिसऱ्या दिवशीच पोचले होते. म्हणजे मनातला सराव कमीच पडला. पण त्यांना त्यानंतर एकदाच दोन तास खरं वाजवायला दिलं, तर त्यांनी दुसऱ्या गटाला गाठलं! शिवाय बोटं हलवणारा मेंदूतला भाग दोन्ही गटांत सारखाच बदललेला दिसला.

माझ्या दृष्टीनं सगळी गंमत त्या शेवटच्या दोन तासांत आहे. आठवडाभर मनात वाजवलं तर त्याचं फळ शनिवारी ताशा गळ्यात पडल्यावर दिसणार. शनिवारच चुकवला तर बाकीचे पाच दिवस वाया.

१९९४ मध्ये ड्रिस्केल आणि मंडळींनी तोवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला. मनातल्या सरावाचा उपयोग होतो, पण खऱ्या सरावापेक्षा कमी. एका वेळी वीसेक मिनिटं पुरे, जास्त ताणून फायदा नाही. मधे सोडून दिला तर परिणाम दोन आठवड्यांत साधारण निम्म्यावर येतो. आणि नवशिक्यांना तो क्रम, आराखडा लक्षात ठेवण्याच्या कामात जास्त उपयोगी, निव्वळ अंगमेहनतीच्या कामात कमी. हे मला अगदी पटलं. 'हात' (म्हणजे पथकाचा ठरलेला ताल) कुठे बदलतो, ढोल कधी थांबतात, तर्री (काड्यांचा सलग झरझर तुकडा) कुठून उचलायची, हे मनात पक्कं होतं. तर्रीतली काडीची सफाई होत नाही. ती काडी हातात घेऊनच यायची.

आता मी काय करतो ते. पलंगावर आडवा पडून करत नाही, झोप लागते. उभा राहतो, पट्टा खांद्यावर, काड्या हातात, रिकाम्या. कानात पथकाच्याच सरावाचं रेकॉर्डिंग, खऱ्या वेगाचं. मग पहिल्या हातापासून शेवटपर्यंत मनात वाजवायचं, आणि 'बघायचं' कमी, 'जाणवू द्यायचं' जास्त: अंगठा आणि तर्जनीच्या मधली काडी, ताशाच्या पानावर (वरच्या पडद्यावर) आपटून परत येणारा झटका, पट्ट्याचा मानेला रुतणारा भार. होम्स आणि कॉलिन्स यांनी २००१ मध्ये या सगळ्याचं एक सूत्र मांडलं आहे. शरीराची ठेवण, जागा, नेमकं काम, वेळ, शिकण्याचा टप्पा, भावना आणि कुणाच्या नजरेतून बघायचं, हे सातही प्रत्यक्षाच्या जितके जवळ तितकं बरं, असा त्याचा गाभा. आरामखुर्चीत, मंद संगीत लावून, सैल अंगानं हे करायला सांगणाऱ्यांच्या ते बरोबर उलट आहे.

सगळ्यात कामाचं काय सापडलं तर हे. मनात वाजवताना एखाद्या जागी चित्र पुसट होतं. तिथून पुढे एकदम दुसऱ्या तुकड्यावर उडी पडते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. ती जागा मला येतच नसते. गटात वाजवताना शेजारच्याच्या आवाजात ती झाकली जाते, मनात झाकायला कुणी नसतं. आता अशा जागा कागदावर लिहून शनिवारी ताशाप्रमुखाला विचारतो.

तुमच्यापैकी कुणी खेळात, नाचात, वाद्यात असं करतं का? आणि हो, गाडी चालवताना करू नका. मुंबई नाक्याच्या सर्कलवर तर नकोच.

---

पंचवटीकर

मी दर रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा (उडी) मारायचा मनातल्या मनात कसून सराव करतो आणि दरवर्षी काठावरूनच भिजून घरी येतो. यावर कुणी संशोधन केलंय का? 😀

बाकी धागा झकास. वाचनखुणेत टाकला.

---

शंकेखोर

लेख छान आहे, पण नावाला जागून दोन शंका.

एक, हे प्रयोग मोजक्या लोकांवरचे. पाच बोटं आणि एक करंगळी यावरून ताशा, पोहणं, क्रिकेट इथपर्यंत उडी मारायची का?

दोन, 'मनात' करणारा माणूस नकळत स्नायू आवळत नसेल कशावरून? मग तो थोडासा खराच व्यायाम झाला की.

आणि एक निरीक्षण. ज्याला मनात सराव करण्याइतकी चिकाटी आहे तो मैदानावरही जास्त घाम गाळतो. श्रेय कुणाला द्यायचं?

---

काडीपैलवान

@शंकेखोर, पहिली शंका मान्य. म्हणूनच १९९४ चा एकत्रित हिशोब सांगितला, त्यात निरनिराळ्या प्रकारची कामं होती आणि सूर तोच निघाला: उपयोग होतो, मध्यम प्रमाणात. कुणी 'दुप्पट फायदा' वगैरे म्हणालं तर सोडून द्या.

दुसरी शंका फार जुनी आहे. एडमंड जेकबसन यांनी १९३० च्या सुमारास नोंदवलं होतं की हात वाकवण्याची नुसती कल्पना केली तरी त्या स्नायूत क्षीण विद्युत हालचाल दिसते. पुढच्या अभ्यासांत ती कधी सापडली, कधी नाही. त्यामुळे आता बहुतेकांचा भर स्नायूवर नसून मेंदूवर आहे. पियानोच्या प्रयोगात बोटं खरोखर हलत नाहीत ना यावर लक्ष ठेवलं होतं.

चिकाटीचं म्हणाल तर प्रयोगात गट चिठ्ठ्या टाकून पाडले की तो प्रश्न सुटतो. आमच्या पथकात मात्र सुटत नाही, तिथे तुमचं खरं असू शकतं.

@पंचवटीकर, धप्पा मारण्यात शिकायचं असं फार काही नाही, अडलंय ते धाडसापाशी. पायऱ्या चढताय, काठावर उभे आहात, मागून कुणीतरी ढकलतंय, इथपासून सुरू करा!

---

हाडवैद्यीण

मी फिजिओथेरपिस्ट, नाशिक रोडला प्रॅक्टिस करते. धागा बघून राहवलं नाही.

आमच्याकडे हे रोजच्या वापरातलं आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. धडधाकट लोकांचं मनगट मुद्दाम चार आठवडे प्लास्टरमध्ये ठेवलं. त्यातल्या काहींना आठवड्यातून पाच दिवस, मनगट जोरानं आवळतोय अशी कल्पना करायला सांगितली. प्लास्टर काढल्यावर नुसत्या प्लास्टरवाल्यांची ताकद सुमारे ४५ टक्के घटली होती, कल्पना करणाऱ्यांची सुमारे २४ टक्के. म्हणून मनगटाचं फ्रॅक्चर घेऊन येणाऱ्यांना मी पहिल्याच भेटीत सांगते, हात बंद आहे, हाताचा मेंदू बंद ठेवू नका. अर्थात डॉक्टरांना विचारून, आणि मनातच. पुष्कळजण उत्साहात आतल्या आत खरंच जोर लावतात, ते नको.

@काडीपैलवान, वेळेचा मुद्दा तुम्ही ओझरता घेतलात, तो मोठा आहे. १९८९ मध्ये देसेती आणि जानरो यांनी लोकांना ठरावीक अंतर आधी डोळे बांधून चालायला लावलं आणि मग तेच मनात चालायला लावलं. दोन्हींना जवळजवळ सारखाच वेळ लागला. पाठीवर २५ किलोचं ओझं दिल्यावर मनातल्या चालण्याचा वेळ वाढला! ओझ्याचं भान कल्पनेतही उतरलं होतं. तुमच्या पट्ट्याच्या भाराचं तेच आहे, तो सोडू नका.

यातून एक सोपी परीक्षा मिळते. मोबाइलवर घड्याळ लावा, हालचाल खरोखर करा, वेळ बघा. मग डोळे मिटून तीच मनात करा, वेळ बघा. मनातली निम्म्या वेळात उरकली तर तुम्ही सराव केला नाहीत, नुसती मथळ्यांवरून नजर फिरवलीत.

---

गोदाकाठची

ताई, एक विचारू का? सासूबाईंना मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. चालतात आता, पण उजवा हात अजून म्हणावा तसा उचलला जात नाही. व्यायाम चालू आहेत. त्यांना हे करायला सांगितलं तर चालेल का? त्या म्हणतात, "हात हलत नाही तर मनात हलवून काय करू?"

---

हाडवैद्यीण

गोदाकाठची, चालेल, पण व्यायामाच्या जोडीला. झटक्यानंतर हाताच्या कामासाठी नेहमीच्या उपचारांना कल्पनेतला सराव जोडला तर फायदा दिसतो, असा पुरावा बऱ्यापैकी जमला आहे. नेहमीचे उपचार सोडून नुसता हाच केला तर तेवढी खात्री देता येत नाही.

त्यांना 'हात हलवा' असं मोघम सांगू नका. त्यांचं नेहमीचं काम निवडा. देवघरातली घंटी उचलणं, पातेल्यात डाव फिरवणं, पदर खांद्यावर घेणं. खुर्चीत नीट बसवा, हात मांडीवर. आधी चांगल्या हातानं तेच काम खरोखर करू द्या, म्हणजे ते कसं जाणवतं हे ताजं होतं. मग दुखऱ्या हातानं मनात. चार-पाच वेळा झालं की थांबा, थकवा येतो. डोकं थकतं यात, लोकांना हे खरं वाटत नाही. त्यानंतर लगेच खरा व्यायाम.

दुसरा उपाय आरशाचा. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात, कापलेल्या हाताच्या जागी वेदना होणाऱ्या रुग्णांसाठी तो वापरला. आरसा असा उभा ठेवायचा की चांगल्या हाताचं प्रतिबिंब दुसऱ्या हाताच्या जागी दिसेल. झटक्याच्या रुग्णांनाही तो दिला जातो. तुमच्या फिजिओला विचारा, पहिल्यांदा त्यांच्या समोरच करून घ्या.

एक सावधगिरी सगळ्यांसाठी. काही जुनाट दुखण्यांत नुसती हालचालीची कल्पना केली तरी वेदना आणि सूज वाढते. असं झालं तर रेटू नका. अशा रुग्णांना आम्ही हाताची चित्रं दाखवून 'हा डावा की उजवा' एवढंच ओळखायला लावून सुरुवात करतो.

---

गोदाकाठची

खूप आभार ताई. घंटीचं चांगलं सुचवलंत, त्यावरूनच घरात रोज वाद आहे की कोण वाजवणार. सोमवारी त्यांच्या फिजिओशी बोलते.

---

तिहाई

तबल्यावाले हे पिढ्यानपिढ्या करत आलेत, फक्त त्याला कुणी सराव म्हणत नाही. आमच्या गुरुजींचा नियम होता, कायदा (तबल्याची बांधलेली रचना) आधी तोंडानं म्हणायचा, हातानं ताल धरून, मगच तबल्याला हात लावायचा. पढंत (हे तोंडी म्हणणं) अडखळली तर हात अडखळणारच. कथकवाल्यांचंही तेच, तिहाई (तीनदा म्हणायचा तुकडा) म्हणून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणता आली नाही तर पायानं येणार कुठून?

पण माझा थोडा वेगळा मुद्दा आहे. तुम्ही रेकॉर्डिंग लावून मनात वाजवता म्हणालात. सुरुवातीला ठीक. पण रेकॉर्डिंग तुम्हाला पुढे ढकलत राहतं. विसरलेली जागाही ऐकू येते आणि वाटतं आपल्याला आठवलं. चित्र पुसट होण्याची जी खूण तुम्ही सांगितलीत, ती रेकॉर्डिंगमुळेच पुसली जाईल. एकदा लावून, एकदा बंद करून करा. बंद असताना मात्रा मोजायच्या, पाय हलला तरी चालेल.

आणि बोल तयार करा. ताशाला तबल्यासारखे पक्के बोल नसले तरी पथकातली पोरं तोंडानं काहीतरी म्हणतच असतात, ते लिहून काढा. मी रिक्षात बसून कालिदास कलामंदिरापर्यंत अख्खा पेशकार (तबलावादनातली सुरुवातीची रचना) म्हणत गेलोय. रिक्षावाल्यानं आरशातून तीनदा बघितलं.

---

काडीपैलवान

@तिहाई, रेकॉर्डिंग बंद करून काल रात्री केलं. दोन जागा अशा सापडल्या ज्या मला येतात असं मी छातीठोकपणे सांगत होतो. धन्यवाद म्हणू की शिव्या देऊ?

---

रिकामा_फळा

माझी पंचाईत वेगळी आहे. मला डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही. काळोख. लोक 'समुद्रकिनारा डोळ्यासमोर आणा' म्हणतात तेव्हा ती बोलायची रीत असेल असंच मला इतकी वर्षं वाटायचं. २०१५ मध्ये अॅडम झेमन यांनी या प्रकाराला अफँटेझिया हे नाव दिलं, पण फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्येच लोकांना सकाळच्या न्याहारीचं टेबल डोळ्यासमोर आणायला सांगून ही तफावत नोंदवली होती.

मी सायकलिंग करतो, कसारा घाट उतरताना वळणं कशी घ्यायची हे मित्र 'मनात बघून' ठेवतात. मी काय करू? हा धागा माझ्यासाठी नाहीच का?

---

हाडवैद्यीण

आहे की! बघणं आणि जाणवणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. हालचालीची कल्पनाशक्ती मोजायच्या प्रश्नावल्यांतही त्या वेगवेगळ्या मोजतात. एकीत कमी असलेला माणूस दुसरीत चांगला असू शकतो. डोळे मिटा आणि चित्र शोधूच नका. डावीकडच्या वळणावर आतल्या बाजूचा गुडघा कुठे असतो? वजन बाहेरच्या पेडलवर आलेलं पायाला कसं कळतं? ब्रेक वळणाच्या आधी सोडला की वळणात? याची उत्तरं अंगातून येतात का बघा. आली तर तोच तुमचा सराव.

---

रिकामा_फळा

गुडघ्याचं लगेच आलं. ब्रेकचं नाही आलं. म्हणजे काडीपैलवान म्हणतात ती 'पुसट जागा' मलाही सापडली, चित्राशिवाय. रविवारी उतरताना ब्रेककडे लक्ष देतो.

---

लाल_माती

मी बरीच वर्षं मल्लखांब शिकवतोय, पोरं आठ-नऊ वर्षांपासून वीसपर्यंतची. दोन गोष्टी सांगतो.

पहिली गंमत म्हणून. मल्लखांबाला पुन्हा उभं करणारे बाळंभट्टदादा देवधर, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले. आख्यायिका अशी की निजामाच्या राज्यातून आलेल्या अली आणि गुलाब या पैलवानांचं आव्हान स्वीकारल्यावर ते आपल्या वणीला, सप्तशृंगीच्या पायाशी गेले, आणि तिथे मारुतीनं त्यांना स्वप्नात येऊन लाकडावरचे डाव शिकवले. म्हणजे मनातल्या सरावाचा मान नाशिक जिल्ह्याकडे आधीपासून आहे, करंगळीवाले फार नंतर आले. 😀

दुसरी कामाची. सगळे म्हणतायत आतून जाणवू द्या, बाहेरून बघू नका. मल्लखांबात मला हे अर्धंच पटतं. दसरंग (मल्लखांबावरचा एक प्रकार) करताना पाय सरळ आहेत का, पंजा ताणलेला आहे का, हे करणाऱ्याला आतून कळतच नाही. त्याला वाटतं पाय सरळ आहे, असतो वाकलेला. अशा ठिकाणी स्वतःला समोरून, परीक्षकाच्या जागेवरून बघितलेलं बरं. हार्डी आणि कॅलो यांनी १९९९ मध्ये कराटेचा काता (हालचालींचा ठरलेला क्रम), जिम्नॅस्टिक्स आणि प्रस्तरारोहण यांवर हेच दाखवलं: जिथे शरीराचा आकार महत्त्वाचा, तिथे बाहेरून बघणं जास्त उपयोगी. मी पोरांचा व्हिडिओ काढतो, दाखवतो, मग म्हणतो, आता डोळे मिटून तोच व्हिडिओ बघ, पण पाय सरळ करून. ते जमलं की त्यात आतली जाणीव मिसळ, मांडीत खांब किती आवळलाय, तेल लावलेलं लाकूड हाताला कसं लागतं.

आणि एकदम नव्या पोराला हे अजिबात देत नाही. त्याला साधी अढीच (पायांनी खांब धरण्याची पकड) माहीत नसते, तो मनात काय बघणार? चुकीची अढी पन्नास वेळा बघेल आणि तीच पक्की करून आणेल. आधी खांबावर, हाताला धरून. थोडंफार जमायला लागलं की मग डोळे मिट.

---

काडीपैलवान

@लाल_माती, हे माझ्या लेखात यायला हवं होतं. ताशात आकाराचं तितकं नाही, पण मिरवणुकीत सगळ्यांच्या काड्या एकाच उंचीवर उठल्या पाहिजेत यावर आमचा ताशाप्रमुख जीव टाकतो. तेवढ्यापुरतं बाहेरून बघून करतो आता.

---

डुबकी

सावरकर तलावावर सकाळच्या बॅचला जाते. चाळिशीनंतर पोहायला शिकले. श्वासाची वेळ मला मनातल्या सरावानंच जमली, हात पाण्यात शिरताना मान वळायची की बाहेर येताना, हे रोज झोपायच्या आधी खुर्चीत बसून.

मायकेल फेल्प्सचं कुणीच कसं काढलं नाही? २००८ चं बीजिंग ऑलिंपिक, २०० मीटर बटरफ्लाय. उडी मारल्यावर गॉगलमध्ये पाणी शिरलं आणि शेवटी शेवटी त्याला काही दिसेना. भिंत किती लांब आहे ते त्यानं हात मोजून ओळखलं, सुवर्ण जिंकलं आणि १:५२.०३ असा विश्वविक्रमही केला. त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन त्याला रोज अख्खी शर्यत मनात पोहायला लावत. मला यातलं काय आवडतं, तर नुसतं सगळं छान चाललंय असं बघायचं नाही, बिघडलं तर काय करायचं तेही बघायचं.

---

शंकेखोर

@डुबकी, मग बिघाड मनात बघणं धोक्याचं नाही का? गोल्फवरचा एक १९८५ चा प्रयोग वाचल्याचं आठवतं, चेंडू भोकाच्या अगदी जवळून निसटतोय असं मनात बघणाऱ्यांचा खेळ चक्क खालावला.

---

डुबकी

फरक आहे ना. त्यांनी चूक बघितली आणि तिथेच थांबले. फेल्प्सच्या पद्धतीत गॉगल भरला, मग हात मोजले, मग भिंत लागली. गोष्ट शेवटपर्यंत न्यायची. मी नाकात पाणी गेल्याचं बघते, आणि मग शांतपणे पाठीवर वळून तरंगल्याचं बघते. पाणी गेल्यापाशी थांबले तर दुसऱ्या दिवशी तलावावर जायचीच नाही मी.

---

पंचवटीकर

म्हणजे मी काठावरच थांबत होतो तीच गडबड. यंदा खाली रंगात पडल्यानंतरचं बघतो.

बुद्धिबळवाल्यांचं काय? आपल्या विदित गुजराथीसारखे ग्रँडमास्टर पट न बघता डाव चालवतात म्हणे. तेही यातच धरायचं का?

---

काडीपैलवान

नाही हो, तिथे प्यादं सरकवायला हात तयार करावा लागत नाही. ती स्मरणाची आणि आकडेमोडीची करामत झाली. इथे शेवटी मनगटानं ऐकलं पाहिजे.

---

शंकेखोर

आठवडाभर गप्प होतो कारण करून बघत होतो. बॅडमिंटन खेळतो, आधी सर्व्हिसवर केलं. हाडवैद्यीण ताईंची घड्याळाची परीक्षाही घेतली, पहिल्या दिवशी माझी मनातली सर्व्हिस खऱ्यापेक्षा कितीतरी लवकर संपत होती. वेळ जुळवल्यावर सर्व्हिसमध्ये फरक वाटतो. 'वाटतो' म्हणतोय, मोजलेला नाही.

पण स्मॅश परतवण्यात शून्य उपयोग. समोरचा कुठे मारणार हेच माहीत नाही तर मनात काय करणार? ताशा, मल्लखांब, पोहणं या सगळ्यात पुढची हालचाल तुमची तुम्हाला आधी ठाऊक असते. कबड्डीतली चढाई मनात करून दाखवा, मग मानतो.

---

काडीपैलवान

मुद्दा बिनतोड आहे. आधी ठरलेल्या हालचालींना हे जास्त सोपं पडतं, आणि वर सांगितलेले बहुतेक प्रयोगही तसल्याच हालचालींचे आहेत.

तरी एक करून बघा. स्मॅश तुमच्यापर्यंत आल्यावर सुरू करू नका, समोरच्यापासून सुरू करा. त्याचा खांदा, रॅकेटचा तोंडवळा, फुलाखाली (शटलखाली) त्याचे पाय कुठे आलेत. यातलं एक चित्र उभं करा, त्यावर तुमचं पहिलं पाऊल कुठे पडतं तेवढंच मनात टाका आणि थांबा. मग खांदा वेगळा, पाऊल वेगळं. पूर्ण फटका नकोच. यासाठी नेहमीच्या जोडीदाराचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि तो फुलाला मारण्याच्या क्षणी थांबवा, म्हणजे कल्पनेला खरा माल मिळेल.

कबड्डीचं मी सांगू शकत नाही, कुणी खेळणारं असेल तर लिहा. मी आज संध्याकाळी सरावाला निघालोय, कागदावर चार जागा लिहिल्यात, परत आल्यावर वाचेन.

---

सिन्नरकर

कबड्डी खेळायचो, डावा कोपरा. चढाई करणाऱ्याचं माहीत नाही, पण पकड करणाऱ्याला हे लागू आहे. समोरच्याचा बोनससाठी पुढे येणारा पाय कोणता, हे आम्ही मॅचच्या आदल्या रात्री एकमेकांना विचारायचो आणि डोळे मिटून घोट्यावर हात टाकायचो. एकानं चढाईवाल्याचं नाव घ्यायचं, दुसऱ्यानं पाय सांगायचा, तिसऱ्यानं आपण कुठून सरकणार ते. साखळीतले तिघं एकत्र बसूनच करायचो, कारण एकट्यानं पकड होत नाही.

@शंकेखोर, तुमचा दुहेरीचा जोडीदार असेल तर त्यालाही सोबत बसवा.